जेवणाच्या टेबलावरचं शहर

७ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ७.१५
पुन्हा हरलो. नऊ वर्षांत तुम्ही एकदाही जिंकला नाहीत, असं बायको म्हणते. साफ खोटं. दोनदा बरोबरी झालेली आहे. एकदा दादांना ताप होता आणि एकदा खेळ सुरू व्हायच्या आधीच पाहुणे आले.

दादा म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. दोन गल्ल्या सोडून एकटे राहतात. घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दर रविवारी चारला येतात. जेवणाच्या टेबलावर हिरवी चादर अंथरून आम्ही इंचभर उंचीच्या सैनिकांची लढाई खेळतो. करडे त्यांचे, निळे माझे. फासे टाकायचे, पट्टीने अंतर मोजायचं, समोरचा दिसत असला तर गोळी घालायची. तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. मी चादरीच्या सुरकुतीत तोफ लपवली तरी त्याला सापडते. आज तिसऱ्या चालीत शेवटची तोफ गेली. वर म्हणाले, जावईबापू, मैदानात लपायला जागाच नसते, त्याला मी काय करू?

शिवाय निघताना चहाचा कप माझ्या राखीव फौजेवर पाडला. चुकून, म्हणे. कप तर हातापाशीच होता.

ठराव: यापुढची लढाई शहरात. शहरात डोळा चालत नाही, डोकं चालतं. ती बाजू माझी भक्कम आहे.

९ जानेवारी, मंगळवार
ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत शहराचा नकाशा काढला. वीस वर्षं नकाशा मंजुरी विभागात आहे. लोक बाल्कनी दाखवतात, तिथे बेडरूम निघते. देव्हारा दाखवतात, तिथे मोरी निघते. माणूस कागदावर खरं लिहीत नाही, हे मी नोकरीत शिकलो. माझ्या शहरात हे चालणार नाही. बेचाळीस इमारती, सगळ्या नियमात. जिन्याची रुंदी, खिडक्या, इमारतीभोवती मोकळं सोडायचं सामासिक अंतर, सगळं सैनिकाच्या उंचीच्या हिशेबात. छपरं उचलता येतील, म्हणजे आत माणसं लपवता येतील. मधोमध टेलिफोन एक्स्चेंज. ते घेतलं की शहर घेतलं. मी राखणार, दादा चाल करून येणार.

बायकोने विचारलं, मग जेवायचं कुठे? म्हटलं, युद्धकाळात मांडीवर.

१४ जानेवारी, रविवार
आज खेळ नाही, फक्त पाहणी. पहिला रस्ता उभा आहे: एक्स्चेंज, बेकरी, औषधाचं दुकान, पाण्याची टाकी. पुठ्ठा, गोंद आणि अकरा संध्याकाळी... चूक, पाच संध्याकाळी. दमल्यामुळे अकरा वाटल्या.

दादांनी दोन घरांच्या मधे तर्जनी घालून पाहिली. गेली नाही. म्हणाले, रस्ता खेळणाऱ्याच्या बोटाएवढा तरी हवा, नाहीतर सैनिक हलवणार कसा? म्हटलं, चिमट्याने. नियमाप्रमाणे या उंचीच्या वस्तीत रस्ता एवढाच भरतो. बोट सैन्यात नाही.

मग त्यांनी मला समजावलं. आपली बंदूक टेबलावर एक फूट लांब मारते, म्हणजे तुमच्या मापाने रस्त्यापलीकडच्या दुकानाएवढंच. म्हणून शहर बांधायचं नसतं, दाखवायचं असतं. एक घर म्हणजे दहा घरं समजायची. थोडी घरं, मोठे रस्ते. ऐकून घेतलं. मोठे रस्ते कुणाला हवे असतात? चाल करून येणाऱ्याला.

जाताना सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, छपरांना वेगवेगळे रंग द्या ना. एक्स्चेंजला लाल, बेकरीला पांढरा.

का बरं?

रात्री (म्हणजे साडेआठला) सगळी छपरं एकाच राखाडी रंगाने रंगवली.

१८ जानेवारी, गुरुवार. सकाळी ६.४०
औषधाचं दुकान अर्धा सेंटिमीटर पूर्वेला सरकलं आहे. बेकरीचं धुराडं मोडलेलं. बायको म्हणते, धूळ पुसताना लागलं असेल. अठरा वर्षांच्या संसारात या बाईने धूळ पुसताना काही मोडलेलं नाही. मोडतो तो मी.

धुराडं परत लावायला वेळ नाही. नोंद करून ठेवतो: पुरावा क्रमांक १.

२१ जानेवारी, रविवार
दादा आले नाहीत. डोकं दुखतंय, असा निरोप. नऊ वर्षांत पहिल्यांदा. ताप असतानासुद्धा आले होते.

बायको त्यांच्याकडे जाऊन आली. डोळे लाल. काय झालं विचारलं तर म्हणाली, कांदा चिरला. दुपारी साडेचारला? भावाकडे जाऊन? कांदा चिरणारा माणूस हात धुतो, चेहरा नाही.

दादा घरी माझ्या शहराची नक्कल बांधत असणार. बायको मापं पुरवते. रक्त शेवटी माहेरचं.

२४ जानेवारी, बुधवार
वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर जिन्यात भेटले. त्यांना दिवसभर गॅलरीत बसण्याशिवाय काम नाही, त्यामुळे माणूस अत्यंत उपयुक्त. म्हणाले, मेव्हण्यांची तब्येत बरी आहे ना? सोमवारी, मंगळवारी आणि आज, तिन्ही दिवस तीनला आले, पाचला गेले. दार ताईंनी उघडलं.

मी साडेपाचला घरी येतो.

पोस्टमास्तरांना म्हटलं, लक्ष असू द्या. ते म्हणाले, असतंच.

२५ जानेवारी, गुरुवार
जेवणाच्या सुट्टीत दादांच्या दुकानावरून गेलो. शटर खाली. पाटी नवीन: वेळ १० ते १. पूर्वी रात्री आठपर्यंत बसायचे. ज्या माणसाने ग्राहकांच्या घड्याळांपुढे सख्ख्या बहिणीचं लग्न अर्ध्यात सोडलं होतं (माझंच लग्न, त्यामुळे पक्कं आठवतं), तो धंदा सोडून माझ्या शहरामागे लागला आहे. थोडं भरूनही आलं. इतकं गंभीरपणे मला कुणीच घेतलेलं नाही. ऑफिसात तर नाहीच.

२९ जानेवारी, सोमवार
सकाळी निघताना छपरांवर आणि रस्त्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली. सापळा.

संध्याकाळी ५.४०. सापडले! बोटांचे ठसे. साधे नाहीत. पूर्ण शहरभर. प्रत्येक भिंतीवरून बोट फिरवलेलं आहे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. दारांवर, जिन्यांवर. एक्स्चेंजच्या पायऱ्या एकेक करून मोजलेल्या. जिथे बोट जात नाही तिथे करंगळी घातलेली.

विचार केला. नकाशा चोरायचा तर माणूस कागद-पेन्सिल आणतो, फोटो काढतो. हा बोटांनी का मोजतो? कारण उघड आहे. मागे कागद राहू नये. किती थंड डोक्याचा माणूस. पण पावडर विसरला. पांढरीफटक पावडर, समोर दिसत असताना. इथेच गुन्हेगार चुकतात.

बायकोला काही बोललो नाही. ती म्हणाली, टेबलावर पावडर कशी सांडली? म्हटलं, बर्फ पडलाय. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

३१ जानेवारी, बुधवार
पाण्याच्या टाकीमागे छोटी बाटली सापडली. थेंब टाकायची. लेबल अर्धं फाटलेलं. आत पाण्यासारखं काहीतरी. गोंद विरघळवणारं रसायन असणार. बेकरीच्या छपरावर दोन थेंब टाकून पाहिले. दहा मिनिटं काही नाही. अर्धा तास काही नाही. म्हणजे हळूहळू भिनणारं.

बायकोने हातातून बाटली घेतली. म्हणाली, माझी आहे, शिलाई मशीनचं तेल. तेलाला तेलाचा वास येतो. आणि शिलाई मशीन आपण पोस्टमास्तरांच्या सुनेला देऊन तीन वर्षं झाली.

ठराव: जेवताना तिच्याशी फक्त हवामानावर बोलायचं.

४ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६.००
दादा आले. शहर पूर्ण. लढाईची तारीख ठरली: १८ फेब्रुवारी, चार वाजता. मान एका बाजूला कलती करून बघत होते. बघत म्हणजे बघितल्यासारखं करत. सगळं आधीच पाठ आहे ना. चहाही बायकोने त्यांच्या हातात नेऊन दिला. मला ओट्यावरून घ्यावा लागतो.

दोनदा विचारलं, जावईबापू, आता शहर हेच ना? बदलणार नाही ना?

म्हटलं, नाही. ते म्हणाले, शब्द? म्हटलं, शब्द.

बायको दारात उभी होती. तिला एवढं हायसं का वाटावं?

८ फेब्रुवारी, गुरुवार
हाफ डे टाकून पाळत ठेवली. पोस्टमास्तरांची टोपी घेतली होती. ११.२०ला दोघं निघाले. बायकोने त्यांचा दंड धरला होता. रस्ता ओलांडताना तर घट्ट. भावाबहिणीचं प्रेम आहे हे मान्य, पण दंड धरून लोक गुप्त गोष्टी बोलतात.

चौकातल्या तीनमजली इमारतीत शिरले. (बाजूचं सामासिक अंतर कमी आहे. नंतर बघतो.) पहिल्या मजल्यावर वकील, दुसऱ्यावर डोळ्यांचा दवाखाना, तिसऱ्यावर बुद्धिबळाची शिकवणी. समोरच्या पानपट्टीवर पंचावन्न मिनिटं उभा राहिलो. वकिलाचं काम इथे नाही, भांडणच नाही. दवाखान्यात एवढा वेळ कशाला? चष्म्याचा नंबर पाच मिनिटांत निघतो.

म्हणजे बुद्धिबळ. साठाव्या वर्षी शिकवणी लावली आहे. मला हरवण्यासाठी. आधीच हरवत असताना!

खाली आले तेव्हा बायको रडत होती. फी जास्त असावी.

११ फेब्रुवारी, रविवार
दिवसभर विचार. मी शब्द दिला, पण कशाचा? शहर बदलणार नाही याचा. शहर तेच राहील. बेचाळीस इमारती त्याच. फक्त रस्त्यांबद्दल मी काही बोललो नव्हतो. असा अर्ज माझ्याकडे आला असता तर मी मंजूर केला असता.

१७ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ३.३०
बायको दादांकडे. काम फत्ते. एक्स्चेंज उचलून दक्षिणेला, बेकरी उचलून एक्स्चेंजच्या जागी. दोन्ही एकाच मापाच्या, एकाच छपराच्या, ओळखायला पाटीशिवाय काही नाही. पाण्याची टाकी मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी. दोन गल्ल्या बंद, एक नवीन.

मधेच जरा वाईट वाटलं. चहा घेतला, गेलं.

१८ फेब्रुवारी, रविवार
३.५०. दादा आले. इस्त्रीचा शर्ट. बायकोने त्यांना टेबलाच्या उत्तरेला नेऊन बसवलं.

४.१०. पहिली चाल त्यांची. विलक्षण वेगाने. नजर माझ्याकडे आणि हात थेट शहरात. जणू घरचं कपाट उघडतायत. मोठ्या रस्त्याने सरळ आत... आणि टाकीवर आदळला. टाकी पडली, त्यांचेच चार करडे खाली. मी हसलो. ते हसले नाहीत. हात तिथेच थांबला.

४.३०. हळू खेळतायत. एका सैनिकाला रस्त्यावर म्हणून ठेवलं ते औषधाच्या दुकानाच्या कडेवर. मी हरकत घेतली. सॉरी म्हणाले. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

४.५५. सहा करडे घेऊन मधल्या इमारतीत घुसले, छप्पर उचललं, सगळे आत ठेवले आणि खुर्चीत टेकून म्हणाले, झालं, एक्स्चेंज घेतलं.

मी म्हटलं, ती बेकरी आहे.

त्यांनी हात पुढे करून भिंतीवरून बोट फिरवलं. कोपरा, पायऱ्या, छपराची कड. मग हळूच म्हणाले, बेकरी दक्षिणेला होती ना? हिचं धुराडं असतं तर कळलं असतं.

बस. याच क्षणासाठी पावडर उधळली होती. उभा राहिलो आणि विचारलं, बेकरी कुठे होती हे तुम्हाला कुणी सांगितलं? धुराडं मोडलंय हे कुणी सांगितलं? तीन ते पाच इथे काय चालतं ते मला माहीत आहे. बोटांचे ठसे आहेत माझ्याकडे. तारखांसकट!

बायकोने ट्रे खाली ठेवला. काही बोलणार होती, पण दादांनी हात वर केला. म्हणाले, बरोबर आहे जावईबापूंचं. आलो होतो मी. चोरूनच आलो होतो. हरलो.

उठले. खुर्ची पाडली. भिंतीला हात लावत दारापर्यंत गेले. बायको त्यांच्याबरोबर गेली, चपला न घालता.

५.१५. जिंकलो. नऊ वर्षांत पहिला विजय. तारीख भिंतीवर लिहावी का?

६.४०. चहा स्वतः केला. साखर सापडली नाही.

७.३०. पोस्टमास्तरांना वर जाऊन सांगितलं. ते म्हणाले, अच्छा. मग म्हणाले, ताई अनवाणी का गेल्या?

१९ फेब्रुवारी, सोमवार
बायको सकाळी आली. बोलत नाही. हवामानावरसुद्धा नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७.५०
बोलली.

दादांना काचबिंदू आहे. काठाकाठाने नजर जात गेली, कळलं तेव्हा उशीर झाला होता. डावा डोळा जवळजवळ गेला, उजव्याला समोरचं तेवढं दिसतं, बांगडीतून पाहिल्यासारखं. परवा गुरुवारी ऑपरेशन. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं टिकावं म्हणून. दुकान महिनाअखेर बंद. घड्याळातला स्क्रू दिसत नाही.

ते तीन ते पाच यायचे ते शहर हातांनी पाठ करायला. एकेक घर, एकेक पायरी. तिच्याकडून वदवून घ्यायचे: टाकीपासून तीन बोटं, मग बेकरी, मग डावीकडे. ऑपरेशनच्या आधी एक रविवार नेहमीसारखा खेळायचा होता. मला कळू न देता.

मी म्हटलं, मला सांगायला काय झालं होतं?

ती म्हणाली, तुम्ही दाखला मागितला असतात.

ऑफिसला गेलो नाही. मागितला असता का, याचा विचार करतोय. बहुतेक असता. दोन प्रतींत.

तरीही तपास बरोबर होता, हे नमूद करतो. ठसे खरे, वेळा खऱ्या, बाटली खरी. फक्त निष्कर्ष चुकला. आमच्या विभागात असं होतं.

(नंतर) नाही होत. म्हणजे होतं, पण तेव्हा कुणाची तरी भिंत पडते.

२२ फेब्रुवारी, गुरुवार
ऑपरेशन झालं. दवाखान्यात बाकावर दोन तास. भेटायला सोडलं तेव्हा काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. ‘दादा, माझ्याकडून झालेली गैरसोय’ एवढं आठवलं, पुढचं गेलं. कॉटपाशी नुसता उभा.

त्यांनी पावलांवरून ओळखलं असावं. डोळ्यावर झाकण, मान सरळ. म्हणाले, जावईबापू, एक्स्चेंज कुठे नेलंत?

म्हटलं, दक्षिणेला. बेकरीच्या जागी.

म्हणाले, चांगली जागा. तिथे मागून गल्ली आहे, राखायला सोपं. मला आधी सुचायला हवं होतं.

मी बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं. बायको दारात होती. कांदा, असं मी म्हणालो नाही. तिनेही विचारलं नाही.

२७ फेब्रुवारी, मंगळवार
रजा. शहर मोडतोय. बेचाळीसपैकी चौदा इमारती ठेवल्या. एक घर म्हणजे दहा घरं. कटरने अंगठा कापला. रस्ते दोन बोटं रुंद. बायकोने दोरा, वाळू, सॅंडपेपर आणून दिला. एक्स्चेंजच्या भिंतीला सॅंडपेपर, बेकरीला दोरा, औषधाच्या दुकानाला काड्यापेटीची बाजू. डोळे मिटून बोट फिरवून पाहिलं. पहिल्या खेपेला टाकी पाडली. तिसऱ्या खेपेला टाकी पाडली. बायको टेबलापाशी बसून सांगत होती, आता डावीकडे, अहो डावीकडे.

सामासिक अंतर कुठेच नियमात बसत नाही. शेरा मारलेला नाही.

११ मार्च, रविवार
शहर तीन खोक्यांत भरून दादांच्या घरी नेलं. पोस्टमास्तरांनी एक खोकं धरलं. वाकायला डॉक्टरांनी मनाई केली आहे, हातही फार पुढे करायचा नाही. म्हणून दादा आरामखुर्चीत मागे रेलून, एका डोळ्यावर झाकण, दुसरा मिटून. ते तोंडाने सांगणार, त्यांचे करडेही मीच हलवणार. शहर त्यांना आधी एकदा मांडीवर खोकं घेऊन हाताने दाखवलं होतं. एकदाच. वीस मिनिटं.

या खेपेला माझ्या बाजूने सगळं आहे. मी राखणारा. मला पूर्ण शहर दिसतं. त्यांना शून्य. फासेसुद्धा मीच टाकतो आणि मीच वाचून दाखवतो. त्यांनी प्रत्येक वेळी मान्य केलं. मी प्रत्येक वेळी खरं सांगितलं. (एकदा चाराचे तीन सांगितले, पण लगेच दुरुस्त केलं.)

३.५०. म्हणाले, दोन माणसं सॅंडपेपरच्या मागच्या गल्लीत. म्हटलं, गल्लीत माझी तोफ आहे. म्हणाले, ठाऊक आहे, म्हणून वरून, दोऱ्याच्या छपरावरून. छपरावर मी कुणी ठेवला नव्हता.

४.०५. तोफ गेली.

४.१५. संशय आला. एवढं अचूक? मी खुर्चीपाशी गेलो आणि झाकण नसलेला डोळा खरंच मिटलेला आहे का, ते अगदी जवळ वाकून पाहिलं. बायको कप घेऊन आत आली आणि तशीच थांबली.

दादा म्हणाले, मिटलेलाच आहे, जावईबापू. पाळी तुमची.

खेळलो. ४.२५ला एक्स्चेंज पडलं.